आधी ओळख, मग पाना

मोटार कुठल्या देशातली, हे कळायला नावाची पट्टी लागत नाही. अर्ध्या इंचाचा, म्हणजे चार सुताचा एक बोल्ट पुरतो. विलायती बोल्टवर इंचाला 12 आटे असतात, अमेरिकन बोल्टवर 13. जोसेफ व्हिटवर्थने 1841 साली इंग्लंडात आट्यांना शिस्त लावली. त्याचा कोन 55 अंशांचा आणि माथे गोलसर. अमेरिकेत विल्यम सेलर्सने 1864 साली 60 अंशांचे, सपाट माथ्याचे आटे पुढे आणले. दोन सूत आणि तीन सूत मापांत दोघांचा हिशेब जुळतो, इंचाला 20 आणि 16. त्यामुळे तिथे परका नटही चढतो आणि बसल्यासारखा वाटतो. चार सुतावर मात्र तो थोडा फिरून अडतो. घाईतला मिस्त्री इथे पान्याला पाइप लावून जोर काढतो आणि ब्लॉकमधले आटे कायमचे झडतात.

मॉरिसची तऱ्हा याहून न्यारी. कॉव्हेंट्रीमधला हॉचकिस या फ्रेंच कंपनीचा इंजिनाचा कारखाना मॉरिसने 1923 मध्ये विकत घेतला. यंत्रे फ्रेंच, म्हणून आटे मेट्रिक. पण गॅरेजवाल्यांकडे पाने व्हिटवर्थचे, म्हणून बोल्टची डोकी व्हिटवर्थच्या मापाची. पाना चपखल बसतो, आणि हा बोल्ट विलायतीच असणार असे वाटून माणूस फसतो. आट्यांचा गेज लावल्याशिवाय मी मॉरिसच्या इंजिनाला हात लावत नाही.

जुन्या मोटारी दुरुस्त करायची माझी शेड घिवलीत, समुद्राच्या वाऱ्यावर. शेजारी तारापूरचे अणुवीज केंद्र, समोर मच्छीमारांच्या बोटी. जुन्या लोखंडाला याहून वाईट हवा शोधून सापडायची नाही. लेथवरून उतरलेला शाफ्ट रात्रभर उघडा राहिला तर सकाळी तांबूस दिसतो, म्हणून प्रत्येक भाग तेलाच्या फडक्यात गुंडाळून ठेवावा लागतो. तरी मी इथून हलत नाही, कारण बोईसरची एमआयडीसी जवळ आहे. टर्निंग, गिअर कापणे, हार्डनिंग, ओतकाम, सगळे तिथे होते. अडचण एकच. कारखान्यात पहिला प्रश्न येतो, ‘किती नग?’ ‘एक’ म्हटले की चहा येतो आणि विषय बदलतो. मग पाळी संपवून निघालेला एखादा जुना टर्नर गाठायचा. शंभर वर्षांपूर्वीचा भाग हातात घेऊन तो उलटसुलट पाहतो, आणि पैशाचे बोलणे आपोआप मागे पडते.

खारी हवा सर्वांत निर्दय होते ती जस्ताच्या ओतीव भागांशी. 1920च्या दशकातले कार्ब्युरेटरचे कितीतरी सांगाडे आणि दारांच्या मुठी अशा जस्ताच्या आहेत. जस्तात शिशाचा अंश राहिला की दमट हवेत धातू आतूनच फुगतो, तडकतो आणि शेवटी बोटाने चुरा होतो. 1929 नंतर अतिशुद्ध जस्ताचे मिश्रधातू आले तेव्हा हा रोग आटोक्यात आला. रोग लागलेला भाग वेल्डिंगने सुधारत नाही. त्याची मापे घ्यायची, फुगलेल्या मापातून मूळ माप अंदाजाने वजा करायचे आणि तो पितळेत नव्याने ओतायचा.

फोर्ड मॉडेल टी ही माझी आवडती गाडी. 1908 ते 1927 या काळात दीड कोटीहून अधिक बनल्या, म्हणून ओळख सोपी असेल असे वाटते. तसे नाही. ब्रिटन सोडून उरलेल्या ब्रिटिश साम्राज्याला गाड्या पुरवायचे काम कॅनडाच्या फोर्डकडे होते, त्यामुळे उजवीकडे स्टिअरिंग असलेल्या इथल्या गाडीचे वळण डेट्रॉइटच्या गाडीपेक्षा जरा निराळे. अमेरिकन पुस्तकातला फोटो समोर ठेवून भाग शोधणारा इथे चुकतो.

या गाडीच्या बेअरिंगला आजच्यासारखी सुटी शेल नाही. कथील, अँटिमनी आणि तांब्याचा बॅबिट थेट जागेवर ओतलेला असतो, आणि तेलाचा पंप नसल्याने सगळी भिस्त उडणाऱ्या तेलावर. बॅबिट वितळला की त्यात सुक्या लाकडाची काडी बुडवायची. ती तपकिरी व्हायला हवी, पेटायला नको. ओतून, गार करून, टर्न केल्यावर खरे काम सुरू होते. क्रँकच्या जर्नलला निळी शाई अगदी पातळ लावायची, कॅप घट्ट करून फिरवायचे, उघडायचे. जिथे निळे डाग उठले तेवढेच स्क्रेपरने खरवडायचे. पुन्हा शाई, पुन्हा कॅप. डाग सगळ्या पृष्ठभागावर सारखे विखुरले की हात थांबवायचा. या कामात तापट माणूस टिकत नाही.

आता माझे मत, जे या धंद्यातल्या पुष्कळांना रुचत नाही. इथली जुनी गाडी उघडली की आत मुंबईच्या मिस्त्रींचे हात दिसतात: कानशीने घासून बसवलेला पितळी बुश, दुसऱ्याच गाडीचा सोलेक्स कार्ब्युरेटर, बैलगाडीच्या सुताराने घातलेले चाकाचे आरे. परदेशातून तयार भाग मागवून हे सगळे फेकून देणे आता सहज जमते. मी फेकत नाही. बुश नीट चालत असेल तर तो त्या गाडीचाच आहे. आयात बंद असताना ज्याने तो घडवला त्याचे नाव कुठे लिहिलेले नाही. त्याची कानस तेवढी दिसते. गाडीची ताकद किंवा ब्रेक बिघडवणारे जुगाड मात्र मी दयामाया न दाखवता काढतो.

2021 साली केंद्राने पन्नास वर्षांवरच्या गाड्यांसाठी ‘व्हीए’ मालिकेची नोंदणी आणली. तिची अट अशी की गाडी मूळ रूपात हवी. पण जनरल मोटर्सने 1928 पासून मुंबईत शिवडीला शेव्हरोले जोडल्या. तिथे जोडलेल्या, पुढे तीन पिढ्यांनी दुरुस्त केलेल्या गाडीचे मूळ रूप कोणते, हे कागदावर ठरत नाही. ते भाग ओळखूनच ठरवावे लागते.

म्हणून पालघर, डहाणू, बोईसरच्या वाचकांना एक विनंती. कुणाच्या वखारीत, माळ्यावर जुन्या मोटारीचा पितळी दिवा, लाकडी कॉइलची पेटी किंवा मॅग्नेटो पडला असेल तर तो वजनावर विकू नका आणि चिंचेने घासूही नका. त्यावरचे आकडे आणि अक्षरे कागदावर उतरवून घ्या, आणि ती गाडी कुणाची होती हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आजच विचारा.