सोपाऱ्याच्या गोविंददासाचं टाकं

शुक्रवार, ६ डिसेंबर २०२४. गास, वसई

उद्या पहाटे नाणेघाट. गाडी भाचा चालवणार. ताईने सुकेळी बांधून दिली आहेत.

सोपारा, कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण ही सातवाहनांच्या काळची व्यापाराची वाट. तिचं समुद्राकडचं टोक आमच्या उंबऱ्याशी आहे. सोपाऱ्याचा स्तूप भगवानलाल इंद्रजींनी १८८२ मध्ये खणला, अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडा तिथल्याच परिसरात सापडला. नवव्याचा १९५६ मध्ये शेजारच्या भुईगावात. या वाटेचं डोंगराकडचं टोक मात्र मी पाहिलेलं नाही.

शनिवार, ७ डिसेंबर. नाणेघाट

अंधारातच चिंचोटी, कामण ओलांडलं. भिवंडीपर्यंत गोदामांच्या रांगा आणि कंटेनरची रीघ. माल आजही याच पट्ट्यातून वाहतो. पूर्वी कल्याणपर्यंत तो खाडीनेही येत असणार.

कल्याण सुटलं आणि मुरबाडच्या अलीकडे शिवारं मोकळी झाली. भात कापून झालेलं, खळ्यांवर पेंढ्याच्या उडव्या, काही खाचरांत वालाचे कोंब. सपाटीवर रस्ता सरळ धावतो, डोंगर मात्र जवळ येत नाहीत. भाचा म्हणाला, "मामा, भिंतच आहे ही. चढायचं कुठून?" टोकावड्याच्या पुढे नानाचा अंगठा हा कडा ओळखू आला आणि त्याच्या बगलेतली खाच दिसली. कोकणातून देशावर जायला सह्याद्रीने ठेवलेलं ते दार.

वैशाखऱ्याच्या पुढे गाडी लावून चढायला लागलो. जंगल, मग उघडा खडक, शेवटी दगडी पायऱ्या. गाठोडी, लादलेले बैल या चढावर कसे येत असतील, ते गुडघ्यांना कळलं.

वर लेणं आहे. आत सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख: यज्ञ, दक्षिणेत दिलेल्या गायी, हत्ती, नाणी, आणि ते सगळे आकडे. आपल्या देशातले इतके जुने कोरलेले अंक फार थोडे. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या व्यक्तींच्या मूर्ती होत्या. आता वर कोरलेली नावं आणि काही पावलं तेवढी शिल्लक. खिंडीच्या माथ्यावर दगडी रांजण. त्यात जकात टाकत, असं सांगतात.

मी मात्र आलो होतो ते एका ओळीसाठी. इथल्या एका टाक्यावर प्राकृतात कोरलं आहे की हे पाण्याचं टाकं सोपाऱ्याच्या गोविंददासाने दिलं. बाकी त्याच्याविषयी काही नाही. राणीच्या दानाची यादी लांब आहे, पण मला ही एक ओळ मोठी वाटते. समुद्रकाठच्या आमच्या भागातल्या माणसाने इतक्या दूर, चढून दमलेल्या अनोळखी लोकांसाठी कातळ खोदवला. टाक्यांत आजही पाणी होतं. पोरं बाटल्या भरत होती.

रविवार, ८ डिसेंबर. गास

सकाळची मिस्सा आटपून वाडीत गेलो. बावखलाच्या काठाने फिरलो. आमच्या पूर्वजांनी वाडीवाडीत खणलेली ही तळी पावसाचं पाणी जमिनीत जिरवतात आणि खालून सरकणारं खारं पाणी रोखून धरतात. त्यांच्याच जिवावर केळी, पानवेल, फुलं झाली, रहाट फिरले. मग टँकर आले, विहिरी उपसल्या जाऊ लागल्या, तेव्हा फादर फ्रान्सिस दिब्रिटोंनी लोकांना उभं केलं आणि हरित वसईची चळवळ झाली. यंदा २५ जुलैला फादर गेले. टँकर अजून धावतात आणि बावखलं भराव घालून बुजवली जातात. वर इमारत उभी राहते आणि तिच्यासाठी पुन्हा टँकर येतो.

गोविंददासाला दगड फोडावा लागला. आपल्याला फक्त गाळ काढायचा आहे. गासच्या ज्या ज्या घराच्या वाडीत बावखल उरलं आहे, त्यांनी ते विकू नका, बुजवू नका. एप्रिल-मेमध्ये पाणी खाली गेलं की हाक मारा. मी आणि भाचा फावडी, घमेली घेऊन येऊ.