अक्षरांची मोजणी

चार पिढ्यांपूर्वी गायकवाडी चाकरीच्या निमित्ताने बडोद्यास आलेल्या घराण्यांची जुनी पत्रे संकेतस्थळावर मांडावीत, असे आम्ही ठरविले. तांत्रिक बाजू पुतण्याने उचलली. मथळा ठरला ‘अक्षरयात्रा’. प्रत्येक अक्षरास निराळा रंग यावा म्हणून त्याने जावास्क्रिप्टचा एक तयार प्लगइन जोडला. पडद्यावर जे उमटले ते पाहून आम्ही आधी चष्मा पुसला. ‘क्ष’ची फारकत होऊन क आणि ष वेगळे पडले होते, हलन्ताच्या खुणा आणि काने ठिपक्यांच्या वर्तुळांना लटकत होते.

प्रथम संशय फॉन्टवर गेला. दोन बदलून पाहिले, फरक नाही. मग फाइलची युनिकोड साठवण तपासली. तीही निर्दोष निघाली. पुतण्या कंटाळून म्हणाला, “काका, मथळा रोमनमध्ये घेऊ या का? तिथे अगदी बरोबर दिसतो.”

आम्ही गप्प झालो. घराबाहेरच्या पाट्या गुजराती आणि इंग्रजी. निदान आपल्या पत्रांचा मथळा तरी आपल्या लिपीत असावा, एवढीच तर आमची हौस होती.

दुसऱ्या दिवशी प्लगइन बंद करून पाहिला. मथळा तत्काळ सांधला गेला! पुन्हा चालू करून त्याने शब्दाला घातलेल्या चौकटी मोजल्या. भरल्या 11. आम्ही बोटांवर अक्षरे मोजली: अ, क्ष, र, या, त्रा. अवघी 5! तेथेच उलगडा झाला. संगणक हलन्त आणि काना हीदेखील स्वतंत्र चिन्हे म्हणून साठवितो, आणि प्लगइन त्यांतील प्रत्येकास वेगळ्या चौकटीत बसवीत होता. इंग्रजीत एक चिन्ह म्हणजे एक अक्षर. म्हणून तिथे हा दोष कधी दिसलाच नसता.

उपाय सापडला. जावास्क्रिप्टमधील ‘इंटल.सेगमेंटर’ ही सोय मजकूर सुट्या चिन्हांऐवजी वाचकास दिसणाऱ्या अक्षरांप्रमाणे विभागते. देवनागरी, गुजराती आदी लिप्यांतील जोडाक्षरे अखंड राखण्याचा नियम युनिकोडच्या 15.1 या 2023 मधील आवृत्तीत समाविष्ट झाला आहे. पुतण्याने शब्द तोडणारी ओळ बदलली. चौकटी 5 झाल्या आणि प्रत्येकीत रंग भरला.

काम आटोपल्यावर त्याने विचारले, “काका, मग अक्षर म्हणजे नक्की काय?” इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने प्रथमच विचारला होता. आम्ही पणजोबांचे एक पत्र त्याच्यापुढे ठेवले आणि पहिल्या ओळीवर बोट टेकले.