गडग्यापलीकडे

चौपदरीकरणात आमचं घर गेलं. लांजा आणि राजापूर यांच्या मधल्या एका वळणावर, रस्त्यापासून बारा पायऱ्या वर होतं ते. रस्ता तेव्हा १७ नंबरचा होता, आता त्याला ६६ म्हणतात. परवा अण्णांना घेऊन गेले, तर जोत्याच्या जागी डोंगर उभा कापलेला. तांबडा ओला जांभा, आणि खाली गाड्या. अण्णा गाडीतून उतरले नाहीत.

पंचनाम्याची प्रत माझ्याकडे आहे. विहीर, गोठा, नारळ सात, पोफळी एकोणीस, कलमं चार, परसात फणस एक. प्रत्येक झाडाचा मोबदला लावलेला. फणसाखाली काय आहे हे कुणी विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही. फणसाखाली आमची तीन कुत्री होती आणि एक पट्टा.

पट्टा खंड्याचा. पौषातल्या एका रात्री वाघरानं त्याला पडवीतून उचललं. एकदाच केकाटला. सकाळी गोठ्यामागे पट्टा सापडला, तोच आम्ही पुरला. टायगर मुंबईकडे जाणाऱ्या ट्रकखाली गेला. टिपू पिल्लू होता तेव्हाच डिस्टेंपरनं गेला. झोपेतही त्याचा जबडा थडथडायचा, ते थडथडणं अजून माझ्या तळहाताला आठवतं. चिमी मात्र सुखानं म्हातारी झाली. चौदा वर्षं जगली आणि एका दुपारी तुळशीपाशी उन्हात झोपली ती उठलीच नाही. शहरात मी स्वतःचं एकही कुत्रं पाळलं नाही. जागा नाही, असं सांगते. खरं कारण मोती आहे.

मोती फणसाखाली नाही.

१९७९ चा ज्येष्ठ असावा. मी नऊ वर्षांची होते. पाऊस नुकता लागला होता आणि आजीची बेगमी भरून झाली होती. खडेमिठाची मोठी बरणी, सुकी मच्छी, कुळीथ, सगळं माळ्यावर आणि कोठीत लावलेलं. आजीच्या हिशेबात पहिली भाकरी गाईची आणि शेवटची कुत्र्याची. इतर घरांत शेवटची भाकरी परातीत उरलेल्या पिठाची, तळहाताएवढी असायची. आजीची शेवटची भाकरी सगळ्यात जाड असे. तरी ‘कुत्र्याला ओटीवर घेऊ नका’ हे तिचं दिवसातून चारदा चाले, आणि मोती उंबऱ्याबाहेर पाय दुमडून ते ऐकत बसे.

त्या आठवड्यात मोतीनं भाकरी सोडली. भाकरीपाशी यायचा, तोंड लावायचा आणि मागे सरायचा. जबडा लोंबता, लाळ गळतेय, भुंकणं घोगरं झालेलं. मला वाटलं, घशात हाड अडकलंय. मी त्याचं तोंड दोन्ही हातांनी उघडलं आणि आत बोटं घातली. तो चावला नाही. हे मी तेव्हाही सगळ्यांना सांगत होते आणि आजही सांगते. त्यानं मान माझ्या मांडीवर टाकली होती आणि मला सगळं करू दिलं होतं. माझ्या बोटाला आदल्या दिवशीचं विळीचं कापलेलं होतं, एवढंच.

अण्णांनी लांबूनच पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कुत्रं पिसाळतं म्हणजे दरवेळी अंगावर धावतंच असं नाही. कधी कधी नुसता जबडा आणि घसा लुळा पडतो, आणि पाहणाऱ्याला हाड अडकल्यासारखं वाटतं. दया येऊन हात घालणारं माणूस तिथेच सापडतं. हे मला फार पुढे, वाचून कळलं. तेव्हा एवढंच कळलं की दुसऱ्या दिवशी पहाटे आजीनं मला एसटीत घातलं आणि तालुक्याला नेलं.

पोटात चौदा इंजेक्शनं. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस. डेव्हिड सेम्पलनं ती कसौलीत तयार केली त्याला तेव्हाच साठ-सत्तर वर्षं झाली होती. आता ती बंद झाली. हल्ली दंडात चार-पाच टोचून भागतं. आम्हाला रोज एक, बेंबीच्या आजूबाजूला, जागा बदलून बदलून. आठव्या दिवसापर्यंत पोट इतकं हुळहुळलं होतं की परकराची नाडी बांधवत नसे. आजीला अंक वाचता येत नव्हते. तिनं देवघरात वाटीत चौदा काजूबिया ठेवल्या होत्या. घरी आलो की एक बी काढून ती चुलीत टाकायची. बी तडतडली की म्हणायची, “गेली गो एक.”

परतीच्या एसटीत खिडकीची ताडपत्री फडफडायची आणि पाणी आत यायचं. आजी मला आपल्या लुगड्याच्या पदरात घेऊन बसायची. त्या चौदा दिवसांत तिनं मोतीला एकदाही वाईट शब्द वापरला नाही. गावात सगळे वापरत होते. एकदा शेजारच्या सीटवरची बाई म्हणाली, कसलं मेलं कुत्रं पाळलंत. आजी म्हणाली, “आमचा होता तो,” आणि पुढचा सगळा घाट बाहेर बघत राहिली.

पहिल्याच दिवशी आम्ही परतलो तेव्हा पडवीच्या खांबाला नुसती साखळी होती. पलीकडच्या वाडीत एकांकडे ठासणीची बंदूक होती, डुकरांसाठी. ते येऊन गेले होते. “कुठे आहे?” मी विचारलं. अण्णा म्हणाले, “गेला.” पुरलात कुठे, तर उत्तर नाही. तिथे जाशील म्हणून सांगत नाही, हेही ते बोलले नाहीत. त्यांचे हात फोडांनी भरले होते आणि ते कुणाशीच बोलत नव्हते. मी ते हात पाहिले, पण मनात धरला तो अबोला. पुढे खंड्याचा पट्टा पुरताना, टायगरला, टिपूला, चिमीला मातीत ठेवताना प्रत्येक वेळी मी अण्णांकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, मोतीला तुम्ही जागा दिली नाहीत. पंचेचाळीस वर्षं मी हे म्हणत आले.

त्याच आषाढात आजीनं मला वाटी देऊन शेजारी पाठवलं होतं, मीठ आणायला. मी थबकले होते. आजी कुणाचं मीठ घेत नसे. मिठाचं देणं अंगावर ठेवू नये म्हणायची. आणि बेगमी भरून तर महिनाही झाला नव्हता.

परवा त्या कापलेल्या डोंगरासमोर गाडी उभी होती. मी काही विचारलं नव्हतं. अण्णांनी काच खाली केली, काठीचं टोक बाहेर काढलं आणि जिथे आता नुसतं आभाळ आहे तिथे दाखवलं.

“तिथे होता. गडग्यापलीकडे, काजूच्या मुळाशी. खाली कातळ लागला. पहारीनं फोडायला रात्र गेली. पुरुषभर खोल हवं होतं, कोल्ह्यानं उकरलं असतं तर सगळा गाव धोक्यात. गडी घेतला नाही, कुणाचा हात लागायला नको.”

जरा थांबून म्हणाले, “मीठ पुरेना. आजीनं बरणी आणून अख्खी ओतली.”