गाभाऱ्यातील धूर

एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची ताटली पालथी धरून काजळ धरण्याची रीत आमच्या घरी आजीच्या काळापर्यंत होती. ज्योत दिसायला निर्मळ. पण घटकाभरात ताटली काळीभोर होई. ताटली नसती तर ती काजळी कोठे गेली असती? हवेत, आणि हवेतून श्वासात.

शास्त्रज्ञ ज्यांना सूक्ष्म कण म्हणतात ते २.५ मायक्रोमीटर किंवा त्याहून लहान. माणसाचा केस सुमारे ७० मायक्रोमीटर जाडीचा, यावरून प्रमाण ध्यानी यावे. धुळीचे मोठे कण नाकाघशात अडकतात, शिंकेवाटे बाहेर पडतात. हे मात्र फुप्फुसांच्या टोकाच्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात, आणि अतिसूक्ष्म असतील ते रक्तातही शिरतात. म्हणूनच हृदयविकार व पक्षाघात यांच्याशीही त्यांचे नाते आढळले आहे. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने हवेतील कणप्रदूषणाला कर्करोगकारक ठरवले.

धूर म्हटला की आपण मोटारींकडे आणि कारखान्यांकडे बोट दाखवतो, आणि ते खोटे नाही. पण आपल्या देवळाचा गाभाराही पाहावा. भिंती जाड, दार एकच, खिडकी बहुधा नाहीच. आत समया, उदबत्त्या, धूप. शिवाय आरतीचा कापूर, जो जळताना काजळी फार धरतो. नवरात्रात मखरोत्सवाच्या रात्री तर विचारूच नये. भाविक क्षणभर दर्शन घेऊन बाहेर येतो. पुजारी तासन्‌तास आतच असतात. धूर किती दाट आणि तो किती वेळ घेतला, या दोहोंवर सारे अवलंबून असते.

आमच्या देवळातले वृद्ध भटजी आता पायऱ्या चढताना तीनदा थांबतात. डॉक्टरांनी त्यांना विचारले, विडी ओढता का? त्यांनी जन्मात विडीला हात लावलेला नाही. त्यांच्या दम्याचे कारण हाच धूर, असे मी छातीठोकपणे म्हणणार नाही. एका माणसावरून तसे म्हणताही येत नाही. परंतु त्यांचा नातू आता त्याच गाभाऱ्यात बसू लागला आहे, आणि तो अवघा एकोणीस वर्षांचा आहे.

महाजनांच्या सभेत मी हा विषय काढला, तेव्हा एका वडीलधाऱ्यांनी विचारले, “देवाक धूप नाका म्हणटा तूं?”

“धूप असू द्या, काका. धुराला वाट द्या, इतकेच म्हणतो.”

चौकाच्या छपराला झरोका पाडायचा अंदाजखर्च पुढच्या सभेपुढे यायचा आहे. कापराच्या वड्या मात्र भटजींनी आपणहून निम्म्यावर आणल्या आहेत.