अव्वांचे पाळणे आणि लॅपटॉपच्या खोड्या



गेले दोन महिने मंडळात एकच विषय चाललाय. "वहिनी, तुम्ही अव्वांचे पाळणे लॅपटॉपवर घेतलेत म्हणे. आम्हालाही सासूबाईंची पदं घ्यायची आहेत, पण आवाजच उमटत नाही." दुसरीचा आवाज फाटतो, तिसरीच्या रेकॉर्डिंगमागे सारखं घुंईऽऽ वाजत असतं. प्रत्येकीला फोनवर वेगळं सांगण्यापेक्षा सगळं एकदा सविस्तर लिहून काढते.

अव्वा म्हणजे माझ्या आजेसासूबाई. वय ८६. पंचकल्याणक पूजेत जन्मकल्याणकाच्या दिवशी आणि महावीर जयंतीला पाळण्याजवळ म्हणायची चौदा पदं त्यांना तोंडपाठ आहेत. ती त्यांना त्यांच्या आईकडून आली. त्यांतली बरीचशी मला कुठल्याही पुस्तकात छापलेली मिळाली नाहीत. गेल्या उन्हाळ्यापासून अव्वांना दम लागतो. सकाळी देवदर्शन झालं, थोडं खाऊन झालं, की पंधरा-वीस मिनिटं गळा मोकळा असतो. त्यानंतर दोन ओळी म्हटल्या तरी खोकला येतो. म्हणजे दिवसाला एक पद, फार तर दीड.

म्हणून घरात पहिल्याच दिवशी एक नियम केला. यंत्राची चाचणी अव्वांच्या आवाजावर करायची नाही. तपासायला माझा नाहीतर मुलाचा आवाज. सगळं ठीक झालं, की मगच अव्वांना सोप्यातून बोलवायचं. तुमच्याही घरी वयस्कर माणसाचा आवाज घ्यायचा असेल तर बाकी काही नाही तरी एवढं नक्की पाळा. त्यांचा गळा आपल्या लॅपटॉपच्या खोड्या काढण्यात दमवायचा नाही.

आम्ही ऑडॅसिटी नावाचं सॉफ्टवेअर वापरलं. ते फुकट आहे आणि २००० सालापासून लोक वापरताहेत. सोबत यूएसबीचा एक साधा माइक. लॅपटॉपच्या आतल्या माइकवर पंख्याची घरघर येते, म्हणून वेगळा माइक घेतलेला बरा.

आता तक्रारी एकेक करून घेऊ. अडचण आली की आवाजाच्या वाटेनं जायचं: गळा, खोली, माइक, वायर, लॅपटॉपची सेटिंग आणि शेवटी सॉफ्टवेअर. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि दहा सेकंद बोलून ऐकायचं. तीन गोष्टी एकदम बदलल्या तर कशानं बरं झालं ते कळत नाही आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

आवाजच उमटत नाही, नुसती सरळ रेघ येते. आधी माइकवरचं म्यूटचं बटण बघा. मग ऑडॅसिटीच्या 'ऑडिओ सेटअप'मध्ये रेकॉर्डिंग डिव्हाइस म्हणून तुमचाच माइक निवडलेला आहे का ते बघा. सॉफ्टवेअर आधी उघडलं आणि माइक नंतर जोडला, तर त्याचं नाव यादीत दिसत नाही. तिथंच 'रिस्कॅन ऑडिओ डिव्हायसेस' आहे, ते दाबलं की दिसतं. एवढं करूनही रेघ सरळच राहिली, तर विंडोजच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये मायक्रोफोनच्या पानावर जा. डेस्कटॉप अ‍ॅप्सना माइक वापरायची परवानगी तिथं बंद असेल तर माइक कितीही चांगला असो, आत शांतताच जाणार.

एकाच कानात ऐकू येतं. माइक एकच असताना सॉफ्टवेअर दोन चॅनेलवर घेत असेल, तर कधी कधी उजवी बाजू रिकामी राहते. रेकॉर्डिंग चॅनेल एक, म्हणजे मोनो करा. एका माणसाच्या गाण्याला मोनो पुरतं, आणि फाइलही निम्मी होते.

आवाज फाटतो. मीटरची पट्टी शून्याला टेकली की त्यापुढचा आवाज लॅपटॉप कापून टाकतो. तो नंतर नीट जोडता येत नाही. म्हणून सर्वांत मोठ्याने म्हणायची ओळ आधी आपण म्हणून बघायची आणि पट्टी उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये राहील असं माइकचं बटण लावायचं. आवाज थोडा बारीक आला तरी चालतो, नंतर वाढवता येतो. अव्वा सुरुवात हळू करतात आणि देवाचं नाव आलं की एकदम खुलतात. म्हणून मी बटण त्या नावाच्या हिशेबानं लावते.

'प', 'फ', 'भ' म्हणताना धप्प आवाज येतो. तो तोंडातल्या हवेचा झोत असतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता एक वीत अंतरावर, गालाच्या बाजूला जरा तिरका ठेवा. फरक लगेच कळेल.

विहिरीत बोलल्यासारखं वाटतं. फरशी, रंगवलेल्या भिंती, रिकामी खोली, यांवरून आवाज उलटून येतो. आम्ही माजघरातल्या दोरीवर दोन वाकळा टाकल्या, खाली सतरंजी घातली आणि अव्वांच्या पाठीमागं साड्यांचं कपाट उघडं ठेवलं. सुती साड्यांनी भरलेलं कपाट आवाज छान पिऊन टाकतं. पैसा एक लागला नाही.

मागे घुंईऽऽ वाजतं. आपल्याकडची वीज सेकंदाला ५० वेळा हेलकावते, आणि तीच गुणगुण तारेतून माइकमध्ये शिरते. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवून बघा. गुणगुण थांबली तर दोष चार्जरच्या किंवा अर्थिंगच्या बाजूचा. रेकॉर्डिंगपुरतं बॅटरीवर ठेवायचं. अधूनमधून टर्र टर्र वाजत असेल तर जवळचा मोबाइल उचलून दुसऱ्या खोलीत नेऊन ठेवा. पंखा, फ्रिज, शेजारच्या पाण्याची मोटर यांच्या वेळा वहीत लिहून ठेवल्या की बरं पडतं. आमच्याकडं पावणेआठ ते सव्वाआठ ही वेळ रिकामी सापडली. तेवढ्यात कुकर लावायचा नाही, हे मुलांनाही पाठ झालंय.

लांबवलेला स्वर मध्येच विरतो. हे कोडं सुटायला आम्हाला चार दिवस लागले. बोललेलं स्वच्छ येई, पण पाळण्याच्या शेवटी अव्वा जो स्वर लांबवतात तो अर्ध्यावर विरायचा. अव्वांना वाटलं आपलाच दम संपला, आणि त्या जरा खट्टू झाल्या. मी पेटीवर एकच पट्टी दाबून धरली आणि रेकॉर्ड केलं, तर पेटीचा सूरही तसाच विरला. पेटीला कुठला दम लागतो? लॅपटॉपमध्ये आवाज 'सुधारण्याची' एक सोय चालू होती. ती मीटिंगमधल्या बोलण्यासाठी असते. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं समजून ती तो दाबून टाकते. तंबोरा, पेटी, लांब धरलेला सूर, सगळं तिच्या हिशेबानं पंखाच! विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये आपल्या माइकच्या पानावर 'ऑडिओ एन्हान्समेंट्स' असतं, ते ऑफ करा. अव्वांना पेटीचा विरलेला सूर ऐकवला तेव्हा त्या हसल्या. म्हणाल्या, "म्हंजे पेटीबी म्हातारी झाली व्हय!" दुसऱ्या दिवशी उत्साहानं दोन पदं म्हटली.

मध्ये मध्ये टक् टक् किंवा तुटक आवाज. लॅपटॉपला एकाच वेळी फार कामं लागली की असं होतं. ब्राउझर बंद करा, फोटो आपोआप वर चढवणारं काही चालू असेल तर थांबवा, माइक हबमध्ये न लावता थेट लॅपटॉपला लावा. रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर न करता लॅपटॉपच्या डिस्कवर करा. तरीही थांबलं नाही तर सेटिंगमधला बफर थोडा वाढवा.

ब्लूटूथचे इयरफोन लावले की आवाज जुन्या टेलिफोनसारखा येतो. त्या इयरफोनचा माइक चालू झाला की तो फोनवर बोलण्याच्या मोडमध्ये जातो आणि दर्जा उतरतो. शिवाय ऐकायलाही उशिरा येतं. वायरचे हेडफोनच वापरा.

पेटी नंतर भरली तर मागे पडते. अव्वांचं गाणं आधी नुसतं घेतलं होतं, सुरुवातीला पेटीचा सूर देऊन बंद केला होता. सुट्टीत लेक पुण्याहून आली आणि हेडफोनवर ऐकत तिनं पेटी भरली. वाजवताना बरोबर होती, पण नंतर ऐकलं तर प्रत्येक ठिकाणी जराशी मागे. आवाज लॅपटॉपच्या आत जायला आणि बाहेर यायला थोडा वेळ लागतो, त्याचा हा परिणाम. ऑडॅसिटीत ठेक्याचा ट्रॅक तयार करा, तो हेडफोनमधून वाजवा, हेडफोन माइकला टेकवा आणि दुसऱ्या ट्रॅकवर घ्या. दोन्ही ठेक्यांमधलं अंतर मोजा. तेवढे मिलिसेकंद 'लेटन्सी कॉम्पेन्सेशन'मध्ये दुरुस्त केले की पुढचं रेकॉर्डिंग जागेवर बसतं. आधी भरलेली पेटी नुसती ओढून पुढे सरकवली तरी चालते.

सूर चढलेला वाटतो. आवाज सेकंदाला किती वेळा मोजायचा याचा एक आकडा असतो. सीडीचा ४४,१००, व्हिडिओचा बहुधा ४८,०००. पहिल्या आकड्यानं घेतलेला आवाज दुसऱ्या आकड्यानं वाजला तर जवळजवळ नऊ टक्के वेगानं पळतो आणि पेटीच्या हिशेबानं साधारण दीड पट्टी वर चढतो. लॅपटॉपच्या माइक सेटिंगमध्ये आणि सॉफ्टवेअरमध्ये एकच आकडा ठेवा. असं बिघडलेलं रेकॉर्डिंग पुसू नका. ट्रॅकच्या मेनूत 'रेट' बदलला की ते मूळ सुरात येतं.

आता नॉइज रिडक्शनविषयी, कारण सगळ्यांत जास्त प्रश्न त्याचेच येतात. कोणी गात नसतानाचे एक-दोन सेकंद निवडायचे, सॉफ्टवेअरला सांगायचं की हा फक्त खोलीचा आवाज आहे, मग पूर्ण गाण्यातून तेवढा वजा करायचा. म्हणून गाण्याआधी पाच सेकंद सगळ्यांनी गप्प बसायचं. मुलानं उत्साहानं एक पद अगदी लखलखीत करून आणलं. खोलीचा आवाज गेला, दोन ओळींमधला श्वास गेला, कडवं सुरू करण्याआधीचा तो बारीक हुंकारही गेला. आम्हाला वाटलं, किती छान झालं! अव्वांना ऐकवलं. त्यांनी पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "ही कोण म्हणतीय गं? माझा दम कुठं गेला?"

मुलगा म्हणाला, "पणजी, तो काढलाय. स्वच्छ केलंय."

"दम काढल्यावर माणसात राहतंय काय?" अव्वा म्हणाल्या.

त्यानंतर घरात दोन दिवस चर्चा झाली. मुलाचं म्हणणं होतं की पुढच्या पिढीला चाल आणि शब्द कळले म्हणजे झालं, खोकला कशाला ऐकवायचा? त्याचंही काही खोटं नव्हतं. शिकणाऱ्याला स्वच्छ आवाज सोपा जातो. शेवटी आम्ही प्रत्येक पदाच्या दोन प्रती ठेवायचं ठरवलं. एक जशी आली तशी, तिला हात लावायचा नाही. दुसरी शिकण्यासाठी, तीत फक्त विजेची गुणगुण हलक्या हातानं कमी करायची. श्वास दोन्हींत राहील. अव्वांना हे पटलं.

शेवटी साठवण्याबद्दल. 'सेव्ह प्रोजेक्ट' केलं म्हणजे गाणं तयार झालं असं नाही. ती फाइल फक्त ऑडॅसिटीतच उघडते. दुसऱ्यांना ऐकवायचं तर 'एक्सपोर्ट' करावं लागतं. जपून ठेवायला वेव्ह फाइल, मोबाइलवर पाठवायला एमपीथ्री. मोनो वेव्ह साध्या सेटिंगला मिनिटाला साधारण पाच एमबी जागा घेते, म्हणजे चौदा पदं एका छोट्या पेनड्राइव्हमध्ये सहज बसतात. मध्येच लॅपटॉप बंद पडला तर घाबरू नका. ऑडॅसिटी पुन्हा उघडलं की अर्धवट राहिलेलं परत आणायचं का, असं ते स्वतःच विचारतं. मूळ प्रत तीन ठिकाणी ठेवा: लॅपटॉपवर, पेनड्राइव्हवर आणि दुसऱ्या गावातल्या कोणाकडे तरी. आमची तिसरी प्रत लेकीकडे पुण्याला आहे. फाइलच्या नावात पदाचं नाव, म्हणणाऱ्याचं नाव आणि तारीख घाला. 'न्यू रेकॉर्डिंग ७' वरून दहा वर्षांनी कोणालाच काही कळणार नाही.

आजपर्यंत चौदांपैकी अकरा पदं झाली. दोन अव्वा म्हणतात की दशलक्षण पर्वात म्हणेन, तेव्हा मन लागतं. राहिलं एक. त्या पाळण्याचं तिसरं कडवं अव्वांना आता आठवत नाही. तिथं त्या फक्त चाल गुणगुणतात आणि चौथं कडवं धरतात. आम्ही ती गुणगुण तशीच घेणार आहोत, कारण चाल तरी जिवंत राहील. सांगली, बेळगाव, निपाणीकडच्या तुमच्या घरातल्या कोणा आजींना पंचकल्याणकातले जुने पाळणे येत असतील, तर एकदा त्यांच्याजवळ बसून म्हणायला लावा. कदाचित ते तिसरं कडवं तुमच्याच माजघरात असेल. लॅपटॉप नसला तर मोबाइलवर घ्या. फक्त पंखा बंद करा, आणि चाचणी आधी स्वतःच्या आवाजावर करून घ्या.