उसना जीव

व्हिडिओ गेम माणसाला एकलकोंडा करतात, असे आपण वडीलधारी मंडळी वरचेवर म्हणतो. आमचा अनुभव निराळा आहे.

जपानच्या कोनामी कंपनीचा ‘काँट्रा’ हा खेळ १९८८ साली निन्टेन्डोच्या घरगुती यंत्रावर आला. नाहूरला रेल्वे स्थानक झाले ते २००६ साली. परंतु त्या यंत्राची स्वस्त नक्कल आणि काँट्राची कॅसेट नव्वदच्या दशकातच आमच्या घरी येऊन पोहोचली होती.

गेल्या नाताळात मुलांच्या हट्टाखातर आम्ही तोच खेळ धाकट्या भावासोबत पुन्हा मांडला. वडिलांच्या पश्चात घराच्या वाटणीवरून आम्हां दोघांत वर्षभर अबोला होता.

चित्रे ठोकळेबाज, संगीत मोजक्या सुरांचे. तरी बोटांना सारे आठवत होते. या खेळात प्रत्येकाला तीन जीव मिळतात. एकाचे संपले, तर साथीदाराच्या शिलकीतला जीव त्याला घेता येतो. धबधब्याच्या टप्प्यावर मात्र कसोटी लागते. एकजण झपाट्याने वर चढला, की पडदाही वर सरकतो आणि खाली राहिलेला प्राणास मुकतो. वरच्याला थांबावेच लागते.

तिथे भाऊ अडखळला, आम्ही थांबलो. पुढे आमचेच जीव संपले. पडद्यावरची नजर न काढता तो म्हणाला, “दादा, माझा घे.”

वाटणीचे कागद अद्याप झालेले नाहीत. त्यांविषयी बोलणे मात्र सुरू झाले आहे.