शेवटच्या नावापुढे स्वल्पविराम का नको?

शिक्षक मित्रांनो, पालकहो, मुलांना आपल्या जिल्ह्यातले तालुके लिहायला सांगा. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा. १ जुलै १९९८ ला अकोल्यातून वेगळा झालेला आपला जिल्हा, तालुके सहाच. पाचवीतलं पोरगंही 'मानोरा'च्या आधी 'आणि' घालतं, पुढे पूर्णविराम देतं.

तेच पोरगं पुढे पायथॉन शिकताना अडतं. फॉर लूपला 'नाव छाप, मग स्वल्पविराम छाप' सांगितलं की तो सहाही वेळा तेच करतो. 'मानोरा'पुढे एक स्वल्पविराम लोंबकळत राहतो. लूपच्या हातात एका वेळी एकच नाव असतं, पुढे कोणी आहे की नाही हे त्याला काय ठाऊक!

मग मुलं काय करतात बघा. 'हे नाव यादीतल्या शेवटच्या नावासारखं असेल तर पूर्णविराम दे' अशी अट टाकतात. उत्तर बरोबर येतं, आपण बरोबरची खूण करून मोकळे होतो. तसं करू नका. त्याच प्रोग्रामला वर्गातल्या मुलींची नावं द्या. दोन पूजा असू द्या, एक दुसऱ्या क्रमांकावर, एक शेवटी. पूर्णविराम दुसऱ्याच नावापुढे पडेल. ही चूक मला फार मोलाची वाटते, कारण ती टायपिंगची नाही, समजुतीची आहे. शेवटचं असणं हा नावाचा गुण नाही, जागेचा आहे.

म्हणून जागा मोजायची. पायथॉन ० पासून मोजतो, म्हणजे सहा नावांत शेवटचा क्रमांक ५. एन्युमरेट वापरलं की नावासोबत क्रमांकही मिळतो.

मला मात्र दुसरी वाट जास्त पटते. स्वल्पविराम नावानंतर नाही, नावाआधी छापायचा. फक्त पहिल्या नावाआधी सोडायचा. पहिलं कोणतं हे सुरुवातीलाच कळतं, शेवटचं कधीकधी यादी संपल्यावरच. फाईलमधून एकेक ओळ वाचताना एकूण किती आहेत ते माहीत नसलं तरी हे चालतं. शेतातल्या पोरांना कुंपण आठवून द्या: एका रांगेत सहा खांब, मधली अंतरं पाच.

जॉइन वापरलं तर हे सगळं एका ओळीत होतं. तेही शिकवा, पण नंतर.

एवढं जमलं की यादीत एकच नाव द्या. मग एकही देऊ नका. रिकाम्या यादीतलं शेवटचं नाव मागितलं की पायथॉन एरर देतो, पोरं हसतात. हसू द्या, आणि विचारा: यादीच रिकामी असेल तर पूर्णविराम द्यायचा की नाही?